व्हिएन्ना

ऑस्ट्रियाची राजधानी, देशातील सर्वांत मोठे शहर आणि ऑस्ट्रियन संघराज्याच्या नऊ घटक राज्यांपैकी एक राज्य. जर्मन नाव व्हीन. क्षेत्रफळ सु. ४१५ चौ.किमी. लोकसंख्या २० लाखांहून किंचित अधिक (२०२४). हे देशाच्या पूर्व भागात, ४८° १२' उ. अक्षांश व १६° २२' पू. रेखांशावर, मुख्यत्वे डॅन्यूब नदीच्या उजव्या तीरावर वसले आहे. आल्प्स पर्वताची ईशान्येकडील अखेरची शाखा येथे नदीपर्यंत येऊन पोहोचते. शहराच्या पश्चिमेस व्हिएन्ना वनाच्या टेकड्या असून पूर्वेस हंगेरीकडे जाणारा सपाट प्रदेश आहे. पश्चिमेकडील हेर्मान्सकोगल हे सर्वांत उंच ठिकाण ५४२ मी. उंचीचे आहे. जुलैचे सरासरी तपमान सु. २१° से. असते, हिवाळ्यात ते अनेकदा गोठणबिंदूखाली जाते. पश्चिमेचा वारा बाराही महिने वाहतो आणि त्यामुळे शहराची हवा पुष्कळ अंशी स्वच्छ राहते. प्रशासनासाठी शहराचे २३ विभाग केले असून त्यांना क्रमांकांनीच ओळखण्याची लोकांची सवय आहे.

व्हिएन्नाच्या लोकसंख्येचा आलेख यूरोपातील इतर राजधान्यांहून निराळा आहे. १९१० मध्येच ती २० लाखांवर गेली होती. त्यानंतर दोन महायुद्धे, साम्राज्याचा अस्त, ज्यूंचा संहार व स्थलांतर यांमुळे ती घटत जाऊन १९८० नंतरच्या दशकात १५ लाखांच्याही खाली आली. २० लाखांचा आकडा शहराने पुन्हा गाठला तो २०२३ मध्ये, म्हणजे शतकाहून अधिक काळाने. येथील घरे, रस्ते व रेल्वे यांचा इतिहास या भरती-ओहोटीच्या संदर्भातच समजून घ्यावा लागतो.

इतिहास : इ. स. पहिल्या शतकात रोमनांनी डॅन्यूबच्या सीमेवर व्हिंडोबोना ही लष्करी छावणी स्थापन केली. आजच्या जुन्या शहरातील काही रस्ते या छावणीच्या तटरेषेवरूनच जातात. ८८१ च्या सुमारास व्हेनिया या नावाने या ठिकाणाचा उल्लेख आढळतो. बाराव्या शतकाच्या मध्यास बाबेनबेर्क घराण्यातील दुसऱ्या हेन्रीने येथे आपली राजधानी आणली. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड हा धर्मयुद्धावरून परतत असताना ११९२ मध्ये व्हिएन्नानजीक पकडला गेला. त्याच्या सुटकेसाठी मिळालेल्या खंडणीतून नगराचा तट वाढविण्यात आला. १२२१ मध्ये नगराचे हक्क मिळाले. १२७८ नंतर हॅप्सबर्ग घराण्याची सत्ता आली व ती १९१८ पर्यंत टिकली. विद्यापीठाची स्थापना १३६५ मध्ये झाली. सेंट स्टीफन कॅथीड्रलचा १३६ मी. उंचीचा दक्षिण मनोरा १४३३ मध्ये पूर्ण झाला.

ऑटोमन तुर्कांनी १५२९ व १६८३ असे दोनदा शहराला वेढा घातला. दुसऱ्या वेळी पोलंडचा राजा यान सोब्येस्की याच्या नेतृत्वाखालील फौजांनी १२ सप्टेंबर १६८३ रोजी वेढा उठविला. तटाबाहेरील वस्ती या वेढ्यांत जवळजवळ नष्ट झाली होती. तुर्कांचे भय ओसरल्यावर तेथे उमरावांचे प्रासाद व बागा उभ्या राहिल्या. बेल्व्हेडीर प्रासाद त्यांपैकीच होय. नेपोलियनने १८०५ व १८०९ मध्ये शहर ताब्यात घेतले. त्याच्या पाडावानंतर यूरोपच्या सीमा नव्याने आखणारी परिषद १८१४-१५ मध्ये येथेच भरली.

जुन्या शहराभोवती तट आणि तटापुढे मोकळे मैदान अशी रचना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायम होती. तटाच्या आत दाटी, बाहेर उपनगरे आणि मध्ये शेकडो मीटर रुंदीचा रिकामा पट्टा, असे हे विचित्र शहर होते. २० डिसेंबर १८५७ रोजी सम्राट फ्रान्सिस जोसेफ याने तट पाडण्याचा आदेश दिला. त्या जागी ५७ मी. रुंदीचा रिंगश्ट्रास हा वर्तुळाकार राजमार्ग बांधण्यात येऊन १ मे १८६५ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. ऑपेरागृह (१८६९), संसदभवन (१८८३), नगरभवन (१८८३), विद्यापीठाची इमारत (१८८४) व बुर्गथिएटर (१८८८) या वास्तू त्यावरच आहेत. संसदेसाठी ग्रीक, नगरभवनासाठी गॉथिक, विद्यापीठासाठी प्रबोधनकालीन अशा भिन्न शैली मुद्दाम निवडण्यात आल्या. मैदानाच्या जमिनीचे भूखंड धनिकांना विकून आलेल्या पैशातून सार्वजनिक इमारतींचा खर्च भागविला गेला. ही योजना वास्तुदृष्ट्या भव्य खरी. परंतु शहरात लोंढ्याने येणाऱ्या श्रमिकांसाठी तीत एकही घर नव्हते.

त्याच सुमारास दोन मोठी अभियांत्रिकी कामे झाली. डॅन्यूब येथे अनेक फाट्यांनी वाहत असे व तिचे पूर वारंवार येत. १८७०–७५ या काळात तिला नवे सरळ पात्र खोदून देण्यात आले. विहिरींच्या दूषित पाण्यामुळे पटकी व विषमज्वर यांच्या साथी येत. त्यावर उपाय म्हणून आल्प्समधील झऱ्यांचे पाणी आणणारा पहिला नळमार्ग १८७३ मध्ये सुरू झाला. भूवैज्ञानिक एडूआर्ट झ्यूस हे या योजनेचे प्रमुख पुरस्कर्ते होते. दुसरा, अधिक लांबीचा नळमार्ग १९१० मध्ये आला. पाणी केवळ उताराने वाहत शहरात येते, त्यासाठी पंप लागत नाहीत. शहराचा बहुतेक पाणीपुरवठा अजूनही या दोन मार्गांनीच होतो.

गृहनिवास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोहीमिया, मोरेव्हिया, गॅलिशिया व हंगेरी या साम्राज्याच्या प्रांतांतून लक्षावधी लोक कामासाठी व्हिएन्नात आले. दक्षिण सीमेवरील वीटभट्ट्यांत राबणाऱ्या चेक मजुरांची दैना व्हिक्टर आडलर या डॉक्टरने १८८८ मध्ये उघडकीस आणली. पुढे तो समाजवादी लोकशाही पक्षाचा नेता झाला. या श्रमिकांसाठी खाजगी मालकांनी चार-पाच मजली भाड्याच्या इमारती बांधल्या. दर्शनी भाग नक्षीदार, पण आत एक खोली व एक स्वयंपाकघर एवढेच घर. स्वयंपाकघराची खिडकी सामायिक बोळात उघडणारी. पाण्याचा नळ व शौचकूप बोळात, सर्व बिऱ्हाडांना मिळून. मुंबईच्या चाळींशी परिचित असलेल्या वाचकास या रचनेचे चित्र सहज डोळ्यांपुढे येईल. बोळातील त्या नळाला ‘बासेना’ म्हणत, आणि नळावरच्या गप्पा व भांडणे यांना त्याच नावाचे विशेषण तेथील बोलीत आजही लावतात. भाडे परवडावे म्हणून कुटुंबे परक्या माणसांना केवळ निजण्यापुरती खाट भाड्याने देत. पाळीवर काम करणारे दोघे एकच खाट दिवसरात्र वाटून वापरीत. क्षयरोग इतका बोकाळला की, त्याला ‘व्हिएन्नाचा रोग’ असेच नाव पडले. ज्यांना खाटही मिळत नसे त्यांच्यासाठी पुरुषांची वसतिगृहे निघाली. १९०५ मध्ये उघडलेल्या अशाच एका वसतिगृहात तरुण आडॉल्फ हिटलर १९१० ते १९१३ पर्यंत राहत होता.

कार्ल लुएगर याच्या महापौरपदाच्या कारकीर्दीत (१८९७–१९१०) वायू, वीज व ट्राम या सेवा महापालिकेच्या मालकीच्या झाल्या आणि शहराभोवतीची वने व कुरणे यांचा पट्टा राखून ठेवण्यात आला. ज्यूद्वेषाला निवडणुकीचे साधन बनविणारा पुढारी म्हणूनही लुएगर ओळखला जातो. घरांच्या प्रश्नास त्याने हात घातला नाही, कारण घरमालक हाच त्याच्या मतदारांतील मोठा वर्ग होता.

पहिल्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. सैनिकांच्या कुटुंबांना घराबाहेर काढले जाऊ नये म्हणून १९१७ मध्ये भाडेनियंत्रणाचा हुकूम निघाला. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले आणि पाच कोटींच्या राज्याची राजधानी सु. ६५ लाख वस्तीच्या लहानशा प्रजासत्ताकाच्या वाट्याला आली. युद्धोत्तर चलनवाढीत नियंत्रित भाडी कवडीमोल झाली, त्यामुळे खाजगी बांधकाम थांबले. मात्र त्याच कारणाने जमिनीच्या किंमतीही घसरल्या व महापालिकेला जमीन स्वस्तात घेता आली. १९१९ मध्ये समाजवादी लोकशाही पक्षाला नगरसभेत निर्विवाद बहुमत मिळाले. १९२२ च्या आरंभी व्हिएन्ना स्वतंत्र घटक राज्य बनले. या बदलाचे महत्त्व मोठे आहे, कारण त्यामुळे शहराला स्वतःचे कर बसविण्याचा अधिकार मिळाला. तो नसता तर पुढील योजना कागदावरच राहिली असती.

वित्तविभागाचा प्रमुख ह्यूगो ब्राइटनर याने १९२३ मध्ये गृहबांधणी कर लागू केला. तो प्रत्येक घरावर होता, पण त्याचे प्रमाण चढते होते. श्रमिकाच्या खोलीला नाममात्र आणि बंगल्याला शेकडो पट आकारणी होत असे. एकूण उत्पन्नाचा फार मोठा भाग मूठभर महागड्या घरांकडून येई. याशिवाय मोटारी, शर्यतीचे घोडे, घरगडी, करमणूक यांवरही कर होते. १९२३ मध्ये पाच वर्षांत २५,००० घरे बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला व तो मुदतीपूर्वीच पुरा झाला. १९३४ पर्यंत एकूण ६०,००० हून अधिक घरे तयार झाली व शहरातील सु. दहावा हिस्सा लोक त्यांत राहू लागले. बांधकामाचा खर्च करांतून निघत असल्याने भाड्यात फक्त देखभालीचा खर्च धरला जाई. कामगाराच्या मिळकतीचा चार-पाच टक्के भाग त्यासाठी पुरे. घरांचे वाटप गरजेनुसार गुण देऊन करण्यात येत असे.

ही घरे लहान होती. आरंभीची बहुसंख्य घरे ३८ चौ.मी. ची असून त्यांत स्नानगृह नव्हते. तथापि पाण्याचा नळ व शौचकूप घराच्या आत होते, प्रत्येक खोलीला बाहेरचा उजेड मिळे आणि प्रवेश बोळातून नव्हे, तर झाडे लावलेल्या मोठ्या चौकातून होई. वसाहतीतच सामायिक धुलाईगृह, स्नानगृहे, बालकमंदिर, दवाखाना व ग्रंथालय असे. आरोग्यविभागाचा प्रमुख यूलिउस टांडलर हा शारीरशास्त्राचा प्राध्यापक होता. उजेड व हवा यांवरील भर बराचसा त्याच्या क्षयरोगविरोधी कार्यक्रमाशी निगडित आहे. या वसाहतींत कार्ल मार्क्स होफ ही सर्वांत प्रसिद्ध होय. वास्तुशिल्पज्ञ कार्ल एन याने तिची योजना केली (१९२७–३०). लांबी एक किमी.हून अधिक, घरे १,३८२, रहिवासी सु. ५,०००; भूखंडाचा जेमतेम पाचवा हिस्सा बांधकामाखाली, बाकी सर्व बागा व चौक. सर्वच वास्तुशिल्पज्ञांना हा मार्ग पसंत नव्हता. आडॉल्फ लोस, योझेफ फ्रांक व मार्गारेटे लिहोट्स्की यांनी बैठ्या घरांच्या व परसबागांच्या वसाहतींचा पुरस्कार केला. शहरातील जमिनीची टंचाई पाहता त्यांचा मार्ग मोठ्या प्रमाणावर शक्य नव्हता, पण त्यांच्या टीकेत तथ्य होते : प्रचंड वाड्यांसारख्या या इमारतींत किल्ल्याचा भास होतो.

विरोधकांनीही नेमका हाच आरोप केला. मध्यवर्ती सरकार प्रतिगामी पक्षाच्या हाती होते. १९३१ पासून त्याने शहराच्या महसुलाचा वाटा कमी केला व बांधकाम मंदावले. १२ फेब्रुवारी १९३४ रोजी यादवी युद्धास तोंड लागले. चॅन्सेलर डोलफूस याच्या सरकारने महापालिकेच्या वसाहतींवर, कार्ल मार्क्स होफसह, तोफा डागल्या. महापौर कार्ल झाइट्स याला कैद झाली, पक्षावर बंदी आली आणि हा प्रयोग संपुष्टात आला.

मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत सामील करण्यात आला. त्यावेळी व्हिएन्नात पावणेदोन लाखांच्या आसपास ज्यू राहत होते. महापालिकेच्या घरांतील ज्यू भाडेकरूंना त्याच वर्षी काढून टाकण्यात आले. हजारो खाजगी घरे बळकावून इतरांना देण्यात आली, म्हणजे घरटंचाईचे निवारण लुटीने करण्यात आले. उरलेल्या ज्यूंना मुख्यत्वे दुसऱ्या विभागातील गच्च भरलेल्या खोल्यांत कोंडून तेथून मृत्युछावण्यांकडे पाठविण्यात आले. ऑस्ट्रियातील सु. ६५,००० ज्यू मारले गेले. सिग्मंड फ्रॉइड याच्यासह एक लाखाहून अधिक लोक परागंदा झाले. शहराच्या बौद्धिक जीवनाची ही हानी कधीच भरून निघाली नाही.

बाँबवर्षाव व एप्रिल १९४५ मधील लढाई यांत ८०,००० हून अधिक घरे राहण्यास निरुपयोगी झाली. १९५५ पर्यंत शहर अमेरिका, रशिया, ब्रिटन व फ्रान्स यांच्यात विभागलेले होते. मध्यवर्ती विभागाचा ताबा दर महिन्याला आळीपाळीने एकेका राष्ट्राकडे जाई. १५ मे १९५५ रोजी बेल्व्हेडीर प्रासादात राज्यतहावर सह्या होऊन ऑस्ट्रिया स्वतंत्र झाला. महापालिकेची गृहबांधणी १९४७ पासूनच पुन्हा सुरू झाली होती. पुढील दशकांत सीमेवरील शेतजमिनींवर पूर्वरचित भागांच्या उंच इमारती उठल्या. त्यांपैकी बऱ्याच रुक्ष आहेत. त्यांना सुखद अपवाद हॅरी ग्ल्यूक याने योजिलेल्या आल्टर्ला वसाहतीचा (१९७३–८५). सु. ३,२०० घरांच्या या उत्तुंग इमारतींच्या गच्च्यांवर पोहण्याचे तलाव आहेत. जुन्या ‘बासेना’ इमारती सरसकट पाडण्याऐवजी रहिवाशांना न हलविता दुरुस्त करण्याचे धोरण १९८४ पासून अवलंबिण्यात आले, व ते बऱ्याच अंशी यशस्वी झाले.

महापालिकेच्या मालकीची सु. २,२०,००० घरे असून सु. ५ लाख लोक त्यांत राहतात. मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांची अनुदानित घरेही जवळजवळ तेवढीच आहेत. त्यांसाठी लागणाऱ्या निधीत वेतनावरील एक टक्का वर्गणीचा समावेश होतो. तिचा अर्धा भाग कामगार व अर्धा मालक देतो. या व्यवस्थेवरील आक्षेपही विचारात घेण्याजोगे आहेत. एकदा घर मिळाल्यावर मिळकत कितीही वाढली तरी भाडेकरू तेथेच राहू शकतो आणि जवळच्या नातलगाला भाडेहक्क देऊ शकतो. उलट नवागताला सलग दोन वर्षांच्या वास्तव्याची अट पुरी करावी लागते. तोवर त्याला मुदतीच्या कराराने मिळणाऱ्या महागड्या खाजगी घरावाचून गत्यंतर नसते. यूरोपीय संघाबाहेरील देशांच्या नागरिकांना ही घरे २००६ पर्यंत सर्वसाधारणतः बंदच होती. २००४ नंतर महापालिकेने स्वतः बांधकाम थांबविले होते. वस्ती वेगाने वाढू लागल्यावर ते पुन्हा हाती घेण्यात येऊन त्यातील पहिली वसाहत २०१९ मध्ये तयार झाली. जुन्या विमानतळाच्या जागी आस्पर्न येथे एका कृत्रिम सरोवराभोवती नवे उपनगर उभारण्यात येत आहे. नेपोलियनने १८०९ मध्ये पहिला मोठा पराभव पत्करला तो याच आस्पर्नला.

वाहतूक : ऑस्ट्रियातील वाफेच्या इंजिनाची पहिली रेल्वे १८३७ मध्ये शहराच्या उत्तर सीमेवरून धावली. घोड्यांची ट्राम १८६५ मध्ये व विजेची १८९७ मध्ये सुरू झाली. यूरोपातील अनेक शहरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ट्राम मोडीत काढल्या. व्हिएन्नाने बहुतांश मार्ग राखले, आणि त्यामुळे येथील ट्रामजाळे जगातील मोठ्या जाळ्यांत गणले जाते. रस्त्यावरील वाहतूक १९३८ पर्यंत भारताप्रमाणे डाव्या बाजूने होत असे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ती उजवीकडे वळविण्यात आली.

नगररेल्वेची (श्टाटबान) उभारणी ओटो व्हाग्नर या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली होऊन ती १८९८–१९०१ या काळात खुली झाली. स्थानके, पूल, कठडे, दिवे अशा सर्व अंगांची योजना त्याने एकहाती केली. परंतु लष्करी सोयीचा विचार वरचढ ठरल्याने मार्ग प्रवाशांच्या गरजेप्रमाणे आखले गेले नाहीत व ती तोट्यात गेली. १९२५ मध्ये महापालिकेने तिचे विद्युतीकरण करून ती ट्रामशी जोडली. भुयारी रेल्वेचा निर्णय मात्र १९६८ पर्यंत लांबला. नव्या पद्धतीचा पहिला मार्ग फेब्रुवारी १९७८ मध्ये खुला झाला. दोन मार्गांसाठी व्हाग्नरचीच जुनी रेल्वे रूपांतरित करण्यात आल्याने त्याची स्थानके रोजच्या वापरात राहिली. एकूण लांबी सु. ८३ किमी. आहे. मार्गांना १, २, ३, ४ व ६ असे क्रमांक आहेत. पाचव्या क्रमांकाचा मार्ग अनेक दशके केवळ नकाशांच्या मसुद्यांत राहिला व त्याचे काम बऱ्याच उशिराने हाती घेण्यात आले. आस्पर्नला भुयारी रेल्वे २०१३ मध्ये, पहिले रहिवासी येण्यापूर्वीच पोहोचली. वस्तीआधी वाहतूक हा नियम येथे कटाक्षाने पाळला गेला.

मे २०१२ मध्ये वार्षिक तिकिटाची किंमत ३६५ यूरो, म्हणजे दिवसाला एक यूरो, करण्यात आली. काही वर्षांतच वार्षिक तिकीटधारकांची संख्या शहरात नोंदलेल्या मोटारींहून अधिक झाली. हा दर २०२५ अखेरपर्यंत टिकला. २०२६ पासून तो वाढविण्यात आला आहे. स्वस्त तिकिटाइतकाच परिणाम वाहनतळावरील शुल्काने घडविला, हे बहुधा दुर्लक्षिले जाते. मार्च २०२२ पासून शुल्काची ही पद्धत जवळजवळ सर्व शहरास लागू झाली.

डॅन्यूबवरील राइश्सब्र्यूके हा मुख्य पूल १ ऑगस्ट १९७६ च्या पहाटे अचानक कोसळला. वेळ पहाटेची असल्याने प्राणहानी एकाच व्यक्तीपुरती मर्यादित राहिली. पूरनियंत्रणासाठी १९७२–८८ या काळात नदीला समांतर सु. २१ किमी. लांबीचा दुसरा प्रवाह खोदण्यात आला. त्यातून निघालेल्या मातीचे अरुंद बेट बनले. उन्हाळ्यात अर्धे शहर तेथे पोहायला लोटते. सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत डॅन्यूबचा पूर या व्यवस्थेने थोपविला. व्हीन या छोट्या उपनदीने मात्र भुयारी रेल्वे काही दिवस अंशतः बंद पाडली.

लोकजीवन : घरे लहान असल्याने व्हिएन्नावासीयांचे बरेचसे जीवन घराबाहेर घडले. कॉफीगृहात एका पेल्यावर तासन्‌तास बसून वर्तमानपत्रे वाचण्याची मुभा असते. हिवाळ्यात बिनशेकोटीच्या खोलीत राहणाऱ्या लेखकांना व विद्यार्थ्यांना तीच अभ्यासिका होती. प्राटर हे राजघराण्याचे शिकारीचे वन १७६६ मध्ये दुसऱ्या जोसेफने सर्वांसाठी खुले केले. तेथील प्रचंड पाळणा १८९७ चा आहे. शहराच्या हद्दीत शेकडो हेक्टर द्राक्षमळे असून मळेवाले आपली नवी वारुणी स्वतःच्या अंगणात विकतात. हायडन, मोट्सार्ट, बेथोव्हन, शूबर्ट यांच्यामुळे संगीतनगरी हा लौकिक शहरास मिळाला. १८४२ मध्ये स्थापन झालेला फिलहार्मोनिक वाद्यवृंद तो राखून आहे.

विठ्ठलभाई पटेल व सुभाषचंद्र बोस हे दोघेही १९३३ मध्ये औषधोपचारासाठी येथे होते व येथूनच त्यांनी संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. कलकत्त्याचे महापौरपद भूषविलेल्या बोस यांनी येथील महापालिकेच्या कारभाराची, विशेषतः गृहबांधणीची, आस्थेने पाहणी केली.

तुर्कस्तान (१९६४) व यूगोस्लाव्हिया (१९६६) यांच्याशी झालेल्या करारांनी कामगार येऊ लागले. पुढे पूर्व यूरोप, सिरिया व युक्रेन येथील लोकांची भर पडली. रहिवाशांपैकी सु. ४० टक्के परदेशांत जन्मलेले आहेत. नागरिकत्वाचे नियम कडक असल्यामुळे मतदानाच्या वयाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास रहिवाशांना नगरसभेसाठी मत देता येत नाही, आणि घरवाटपाचे नियम ठरतात ते याच नगरसभेत.